सात नंबरचा उमेदवार

माणूस ओळखायला मला तीन मिनिटं लागतात. चौथं मिनिट मी त्याला पाणी विचारायला राखून ठेवतो!

ही बढाई नाही, माझा धंदाच आहे तो. मी एका आंतरराष्ट्रीय संस्थेत एचआर अधिकारी आहे. आमच्या इमारतीत इतक्या देशांची माणसं आहेत, की लिफ्टमध्ये एक जण शिंकला तर सहा भाषांत 'जपा' ऐकू येतं. ही माणसं नेमायची, सांभाळायची, भांडली तर सोडवायची आणि निवृत्त झाली की हातात फुलं देऊन दारापर्यंत पोचवायची, हे माझं काम. आणि तेच काम मी घरीही करतो. फुकट!

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि माझ्या सासूबाई. सासूबाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. जावई आणि सासू एका घरात म्हटलं की लोकांचे डोळे बशीएवढे होतात. पण आमच्यात आजवर एका शब्दाचा वाद नाही! का? तर पद्धत. सोमवारी सकाळी आमची घरगुती बैठक होते, तीही उभ्याने, कारण बसलं की माणूस फाटे फोडतो. फ्रीजवर, गीझरवर, दिव्याच्या बटणावर मी नम्र चिठ्ठ्या लावल्यात. 'मला उघडण्यापूर्वी काय हवं ते ठरवा. आपला, फ्रीज.' कुणाचं चुकलं तर मी आवाज चढवत नाही. आधी दोन गोष्टींचं कौतुक करतो, मग 'पण' म्हणतो, मग चूक सांगतो. दर महिन्याला 'घरातली उत्तम व्यक्ती' निवडतो. ती बहुतेक वेळा मीच निघतो, त्याला माझा इलाज नाही. निकष ठरलेले आहेत!

सासूबाईंवर तर मी काडीचं काम ठेवलेलं नाही. "आई, तुम्ही फक्त आराम करायचा!" संध्याकाळी मी घरी आलो की त्या समोर येऊन बसतात. मी ऑफिसातलं सगळं सांगतो. त्या म्हणतात, "हो का?" "अगंबाई!" "मग तुम्ही काय म्हणालात?" इतकी समाधानी बाई मी दुसरी पाहिली नाही.

असो. गोष्ट अशी झाली, की आमच्याकडे कर्मचाऱ्यांच्या समुपदेशकाची जागा रिकामी झाली. समुपदेशक म्हणजे, ज्याच्यासमोर बसून लोक साहेबांच्या नावाने रडतात तो. आधीचा समुपदेशक सगळ्यांचं ऐकता ऐकता स्वतःच रजेवर गेला आणि परत आलाच नाही. नवा माणूस निवडायचा म्हटल्याबरोबर कुरबुर सुरू झाली. अर्थ विभाग म्हणाला, एचआरवाले तरुणच घेतात. भाषांतर विभाग म्हणाला, पुरुषच घेतात. वाहन विभाग म्हणाला, ओळखीचेच घेतात.

संचालकबाईंनी मला बोलावलं. या बाई चष्मा काढून बघायला लागल्या की समोरच्याला आपली सगळी पापं आठवतात. त्यांनी चष्मा काढला.

"या वेळी एकही तक्रार नको आहे मला. आली, तर समुपदेशकाच्या जागेबरोबर तुमच्या जागेचीही जाहिरात देऊ."

माझ्या पायाखालचा गालिचा सरकला. पण मी एचआरवाला! मला वाटेतच कल्पना सुचली. आणि काय कल्पना! संपूर्ण आंधळी निवड! उमेदवाराचं नाव नाही, वय नाही, फोटो नाही. प्रत्येकाला फक्त नंबर. जाहिरात बाहेरच्या एजन्सीची, त्यात आमच्या संस्थेचं नावसुद्धा नाही. म्हणजे आम्हाला उमेदवार माहीत नाही आणि उमेदवाराला आम्ही माहीत नाही! मुलाखत एजन्सीच्या सभागृहात. उमेदवार एका खोलीत, आम्ही दुसऱ्या खोलीत. आणि आवाजावरून कुणी ओळखू नये म्हणून मध्ये काचेच्या पेटीत आमचा दुभाषी. उमेदवार कुठल्याही भाषेत बोलो, अगदी आमच्याच भाषेत बोलो, दुभाषी ते सगळं स्वतःच्या आवाजात आमच्या कानात सांगणार. आमचे प्रश्नही त्याच्याच आवाजात पलीकडे जाणार.

"आणि ओळख पटेल असं काहीही गाळायचं!" मी दुभाष्याला बजावलं. "गावाचं नाव, कामाची जागा, हुद्दा, सगळं गाळा. पुरुष आहे की बाई तेही कळता कामा नये!"

दुभाषी गंभीर गृहस्थ. आवाज असा, की रिकाम्या टाकीत बसून कुणी बातम्या वाचतंय. तो म्हणाला, "साहेब, आपल्या भाषेत ते कसं लपणार? 'मी आलो' म्हटलं की पुरुष. 'मी आले' म्हटलं की बाई."

"मग नपुंसकलिंग वापरा! व्याकरणात आहे ना?"

चाचणी घेतली. हेडफोनमधून टाकीतला आवाज आला, "नमस्कार. मी आलं."

"आलं खोकल्याला चांगलं," आमचे डॉक्टर म्हणाले. हे आमच्या आरोग्य केंद्राचे प्रमुख, निवड समितीचे तिसरे सदस्य. दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातलं हे एक.

शेवटी दुभाष्यानेच तोड काढली. 'मी' नकोच, 'आम्ही' म्हणायचं. 'आम्ही आलो' बाईही म्हणते आणि बुवाही म्हणतो. झालं! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. हात पोचला नाही, पण मारली.

मुलाखतीचा दिवस उजाडला. सकाळी निघताना बायको म्हणाली, "आज आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतेय." मी म्हटलं, "छान. पण मला सोमवारच्या बैठकीत सांगितलं असतंस, तर तुझ्या नियोजनाचं मला आणखी कौतुक वाटलं असतं." ती काही बोलली नाही. नियोजन आवडलं असावं.

मुलाखती सुरू झाल्या आणि आम्हाला वाटायला लागलं, आपण एकामागून एक राजेच तपासतोय. एक नंबर म्हणाला, "आम्ही अत्यंत शांत आहोत. आमचा संताप फक्त आमच्या घरचे जाणतात." चार नंबर म्हणाला, "आमचा एकच दोष, आम्ही फार चांगले आहोत." सहा नंबरने तर आम्हालाच विचारलं, "पगार आम्हास कधी मिळेल?" संचालकबाई पेन्सिलीने टेबलावर टकटक करायला लागल्या. 

मग सात नंबर.

मी माझा ठेवणीतला प्रश्न टाकला. "एखाद्या त्रासदायक सहकाऱ्याबरोबर तुम्ही कसं जमवून घेतलंत?"

 मग टाकीतला आवाज आला.

"आम्ही जिथे होतो तिथे एक व्यक्ती होती. वाईट नव्हती. पण आपल्याला माणसं फार कळतात, असा तिचा समज होता."

आम्ही तिघेही पुढे सरकलो.

"ती व्यक्ती आठवड्याच्या सुरुवातीला सगळ्यांना उभं करायची आणि आठवडा कसा घालवायचा ते सांगायची. जिथे बघाल तिथे तिच्या चिठ्ठ्या. नळावर चिठ्ठी, कपाटावर चिठ्ठी. एकदा तर तिने चिठ्ठी लावली, 'चिठ्ठ्या फाडू नयेत.'"

डॉक्टर चक्क हसले. मी हसलो नाही. मला धक्काच बसला! अशी माणसं असतात?

"ती कधी रागवायची नाही. आधी कौतुक करायची, मग 'पण' म्हणायची. 'पण'च्या आधीचं काही ऐकायचंच नाही, हे आम्ही लवकर शिकलो. आणि दर महिन्याला ती सगळ्यांत चांगल्या माणसाला बक्षीस द्यायची."

"मग ते तरी चांगलंच ना?" संचालकबाई म्हणाल्या.

"बक्षीस तिलाच मिळायचं."

"काय!" मी खुर्चीतून अर्धा उठलो. "स्वतःलाच?"

"बहुतेक वेळा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कुठल्या बिचाऱ्या माणसांच्या नशिबी हा नमुना आला असेल! क्षणभर काहीतरी ओळखीचं वाटलं, नाही असं नाही. पण अशी माणसं आमच्या अर्थ विभागातही आहेत.

"अशा माणसाबरोबर तुम्ही टिकलात कसे?" मी विचारलं. माझा आवाज कापत होता, खरंच सांगतो.

"आम्ही त्या व्यक्तीचं रोज थोडा वेळ ऐकून घ्यायचो. तिला सल्ला नको होता, कुणीतरी ऐकणारं हवं होतं. आपलं ऐकलं जातंय एवढं कळलं की ती दुसऱ्या दिवशी जरा कमी चिठ्ठ्या लावायची. मग बाकीचे सुखाने काम करायचे."

हेडफोन काढून आम्ही एकमेकांकडे बघितलं. संचालकबाईंनी चष्मा पुसला. त्यांना गहिवरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"हाच आपला उमेदवार," त्या म्हणाल्या.

"प्रश्नच नाही!" मी म्हटलं. आणि मग मला राहवलं नाही. समितीपुढे मी त्या चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसाची चिरफाडच केली. म्हटलं, "मॅडम, हा माणूस म्हणजे एक नमुना आहे. वरून गोड, आतून हुकूमशहा! स्वतःवर खूश आणि दुसऱ्याच्या जिवाला घोर. असल्या माणसाला माणसांच्या आसपास कामच देऊ नये. खुर्च्या-टेबलांची मोजदाद द्यावी!"

"फारच अचूक," डॉक्टर म्हणाले. त्यांचं त्या दिवसाचं तिसरं वाक्य.

संध्याकाळी जेवायला बसलो तरी माझ्या डोक्यातून तो माणूस जाईना. मी म्हटलं, "आज मी कुठे होतो माहितीय? त्या एजन्सीच्या सभागृहात, मुलाखती घ्यायला. तिथे एका उमेदवाराने एका राक्षसाबद्दल सांगितलं!"

सासूबाईंच्या हातातला पेला ताटात आडवा झाला. पाणी थेट माझ्या मांडीवर!

"तुम्ही?" त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात तिथे? आत?"

"होतो म्हणजे? सगळी योजनाच माझी!" मी मांडी पुसत सगळं सांगितलं. उभी बैठक, चिठ्ठ्या, 'पण', बक्षीस. सांगताना माझा आवाज चढत गेला. "स्वतःलाच बक्षीस, आई! जनाची नाही तर मनाची तरी?"

बायकोला ठसका लागला. ती डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकली. मग म्हणाली, "ओळखीचा वाटतोय रे हा माणूस."

"असणारच. अशी माणसं घरोघरी असतात."

सासूबाईंनी हळूच विचारलं, "आणि तो उमेदवार? त्याला घेणार का?"

"आई, हे गोपनीय आहे. याविषयी घरात एक अक्षर बोलायचं नाही, कुणीच नाही! नियम म्हणजे नियम." मग मी इकडेतिकडे बघून म्हटलं, "त्यालाच घेणार!"

सासूबाईंचा चेहरा असा झाला, की एका डोळ्यात दिवाणखान्याचे सगळे दिवे लागलेत आणि दुसऱ्यात फ्यूज उडालाय. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्या ओठांवर ठेवलेल्या बोटाकडे बघितलं आणि मिटलं. मग न विचारता मला दोनदा वाढलं. मी मनात म्हटलं, माझ्या कामाचा केवढा आदर आहे यांना!

दुसऱ्या दिवशी सात नंबरला आमच्या ऑफिसात बोलावलं होतं. पहिल्यांदाच चेहरा दिसणार! समितीच्या खोलीत आम्ही तिघे आणि दुभाषी ताठ बसलो. टेबलावर फुलं. संचालकबाईंनी नवा स्कार्फ घातलेला. ठरल्या वेळी दारावर टकटक झाली, दार उघडलं आणि आत आल्या…

सासूबाई!

हातात पर्स, केस नीट विंचरलेले, पायात बाहेर जायच्या चपला.

मी उडालोच! "आई! इथे कशाला आलात? डबा राहिला का माझा?"

"नाही हो, मी…"

"चष्मा राहिला? किल्ली? बरं, असू दे. मी फार महत्त्वाच्या बैठकीत आहे. चला, चला!" त्यांना एक शब्द बोलू न देता मी खांद्याला धरून बाहेर नेलं आणि दारावरच्या रखवालदाराला म्हटलं, "यांना खाली नेऊन टॅक्सीत बसवा. घरचा पत्ता सांगा. आई, तुमच्या काळजीचं मला कौतुक वाटतं, वेळेवर आलात त्याचंही कौतुक वाटतं, पण ऑफिसात असं यायचं नाही हं!"

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुकाट्याने वळल्या.

मी आत येऊन हसलो. "माफ करा. घरची मंडळी. जीव लावतात!"

आम्ही वाट बघत बसलो. कुणी येईना. संचालकबाईंनी घड्याळ बघितलं. डॉक्टरांनी फुलं बघितली. एवढ्यात एजन्सीची बाई धापा टाकत आत आली.

"काय झालं? नकार दिलात का सात नंबरला?"

"नकार? आम्ही वाट बघतोय त्यांची!"

"अहो, मी स्वतः त्यांना या दारापर्यंत सोडलं! आणि आत्ता खाली बघते तर रखवालदार त्यांना टॅक्सीत बसवतोय!"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा जपून सरकला. संचालकबाईंनी चष्मा काढला.

"या दारातून आत्ता एकच व्यक्ती आत आली होती," त्या म्हणाल्या.

मी धावत सुटलो! लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकलेली. जिन्यावरून निघालो, वाटेत वाहन विभागाचे दोघे चहा घेऊन येत होते, त्यांच्या चहासकट गेलो. रस्त्यावर आलो तर टॅक्सी सिग्नलला उभी. मी दार उघडून आत डोकं घातलं. आत एक अनोळखी गृहस्थ ओरडले. मी पुढच्या टॅक्सीचं दार उघडलं. सासूबाई!

"आई! तुम्ही… तुम्ही सात नंबर?"

"हो."

"कालचं ते सगळं तुम्ही बोललात?"

"बोलले मीच. दुभाष्याने पदरचं काही घातलं असेल तर मला माहीत नाही."

"आणि डोळ्यांचे डॉक्टर?"

"माझे डोळे ठणठणीत आहेत, जावईबापू. काल रात्रीच सांगणार होते, तर तुम्ही गोपनीय म्हणालात. आत्ता सांगणार होते, तर टॅक्सी बोलावलीत!"

"पण नोकरी? या वयात? तुम्हाला आमच्या घरात कमी काय आहे?"

"काम," त्या म्हणाल्या.

एवढंच. मागून गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. मी टॅक्सीवाल्याला पैसे दिले, सासूबाईंना उतरवलं आणि आम्ही दोघं जिना चढायला लागलो. लिफ्ट अजून अडकलेलीच होती.

आणि जिन्यावर, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, माझ्या डोक्यात वीज पडली.

उभी बैठक. चिठ्ठ्या. 'पण'. बक्षीस! रोज संध्याकाळी समोर बसून ऐकून घेणं! "हो का?" "अगंबाई!" अरे देवा! तो राक्षस मी होतो! मी कठडा धरला. कालपासून मी स्वतःला शिव्या घालत होतो, तेही समितीसमोर, जेवणाच्या टेबलावर, आवाज चढवून! आणि ही बाई, जिच्याशी आपला एका शब्दाचा वाद नाही म्हणून मी जगभर मिरवतो, ती वर्षानुवर्षं आपल्यापुढे बसून आपल्याला औषधासारखं घेत होती!

"काय झालं? दम लागला का?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्यांना पुढे जाऊ दिलं आणि एक पायरी मागे राहून चढायला लागलो.  

समितीच्या खोलीत शिरलो तो मी मनाशी ठरवूनच. संचालकबाईंनी विचारायच्या आतच मी उभा राहिलो.

"मॅडम, या माझ्या सासूबाई. आणि त्यांनी काल ज्या माणसाबद्दल सांगितलं, तो मी!"

"अहो…" सासूबाई म्हणाल्या.

"नाही आई, आज मला बोलू द्या! होय, मी सोमवारी घरच्यांना उभं करतो. फ्रीजवर चिठ्ठी मीच लावली. गीझरवरची तर मी यमक जुळवून लिहिलीय! कौतुक करून मग 'पण' म्हणतो, आत्ताच यांना टॅक्सीत पाठवताना म्हटलं. उत्तम व्यक्तीचं बक्षीस मला सलग पाच महिने मिळालंय. निकष मीच ठरवलेत! बायकोला तिच्या वाढदिवशी मी 'प्रगतीला वाव आहे' असं सांगितलं. मी हुकूमशहा आहे. मला माणसं कळत नाहीत!"

मी खाली बसलो. मन हलकं झालं होतं.  दुभाष्याचं तोंड उघडं होतं, आणि पहिल्यांदाच त्यातून कुणाचाच आवाज येत नव्हता.

मग सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई! अहो जावईबापू, मी तुमच्याबद्दल कुठे बोलले? मी आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांबद्दल बोलत होते!"

"अं?"

"चांगलं सांगितलं होतं मी. आमची शाळा, आमचे मुख्याध्यापक, खडूच्या डब्यावरची चिठ्ठी!"

मी दुभाष्याकडे बघितलं. त्याने टाकीतून उत्तर दिलं, "साहेब, तुम्हीच म्हणालात, कामाची जागा गाळा, हुद्दा गाळा. शाळा गाळली, मुख्याध्यापक गाळले, खडूसुद्धा गाळला."

जमीन दुभंगते म्हणतात, ती नेमकी हवी तेव्हा दुभंगत नाही! मी आपलं टेबलावरच्या फुलांच्या मागे लपायचा प्रयत्न केला. फुलं लहान होती.

"म्हणजे," डॉक्टर सावकाश म्हणाले, "असे दोन आहेत?"

संचालकबाईंनी सासूबाईंकडे बघितलं. "मग प्रश्नाचं उत्तर देताना तुम्हाला घरचं उदाहरण कसं सुचलं नाही?"

सासूबाई खुर्चीत नीट बसल्या. पर्स मांडीवर ठेवली. "सुचलं होतं हो. पण तुम्ही उत्तराला पाच मिनिटंच दिली होती."

संचालकबाई हसल्या! या बाई हसू शकतात, हे त्या इमारतीत तोवर कुणालाही माहीत नव्हतं. डॉक्टर हसले. दुभाषी टाकीसकट हसला. मग सगळे थांबले, कारण सगळ्यांना एकदम नियम आठवला. जवळचे नातेवाईक एका विभागात चालत नाहीत. समुपदेशकाची जागा माझ्या विभागात.

सासूबाई लगेच उठल्या. "नियम असेल तर राहू दे. मी जाते घरी."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या, की मला भीतीच वाटली. घरी म्हणजे कुठे? त्या खुर्चीत, माझी वाट बघत, "हो का?" म्हणायला?

"मॅडम, त्यांना घ्या," मी म्हटलं. "विभाग मी सोडतो. मला द्या खुर्च्या-टेबलं मोजायला."

सासूबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही थोडा धक्का बसला होता.

"कुणी काही मोजायचं नाही," संचालकबाई म्हणाल्या. "समुपदेशकाची जागा आजपासून डॉक्टरांच्या आरोग्य केंद्रात. डॉक्टर, चालेल?"

"धावेल," डॉक्टर म्हणाले, आणि उठून सासूबाईंना फुलं दिली. निवृत्त होणाऱ्यांना हजारदा मी फुलं दिली असतील, पण नोकरीला लागणाऱ्या बाईला इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

सासूबाई आता रोज माझ्याबरोबर ऑफिसला येतात. गाडीत त्या पुढे बसतात. संध्याकाळी त्या दमलेल्या असतात, म्हणून समोर मी बसतो आणि "हो का?" म्हणतो. त्या काही सांगत नाहीत. गोपनीय! घरच्या चिठ्ठ्या मी काढल्या. आता फ्रीज कुणीही कधीही उघडतं आणि कुणाचंही काही बिघडत नाही, हे पाहून मला अजून दुखतं.

बायको म्हणाली, "तूही एकदा भेट की आईला. रीतसर, वेळ घेऊन." पटलं मला. म्हणून आज वेळ घेतलीय. आत्ता मी आरोग्य केंद्राच्या बाहेर बाकावर बसून हे तुम्हाला सांगतोय. माझ्या आधी तिघे आहेत. तिघेही माझ्याच विभागातले. मला बघितल्याबरोबर एकाने वर्तमानपत्र उघडलं, ते उलटं आहे. दुसरा म्हणाला, डोकं दुखतंय. तिसरी नुसती थोडी सरकली.

आत कोण आहे ते दिसत नाही. पण मघापासून आतून मोठमोठ्याने हसण्याचे दोन आवाज येतायत. एक सासूबाईंचा.

आणि दुसरा, माझा कान मला फसवत नसेल तर, माझ्या बायकोचा!